न चावलेली सरकी

निवडणूक लागली की माझ्या ओट्यावर माणसं येऊन बसतात. चहा घेतात, तुरीवरच्या अळीचं बोलतात आणि उठता उठता विचारतात, "मंग साहेब, कोणाले द्याव यंदा?"

मी पुढारी नाही, मास्तर नाही. मी कापसाचा ग्रेडर होतो. पण आमच्या बोरडोहात (मारेगावहून एसटीनं तासाभरावरचं हे गाव) असा एक समज आहे की, ज्यानं सव्वीस वर्षं लोकांच्या कापसात हात घातला त्याला माणसाचाही दर्जा कळतो. हा समज मी कधी दुरुस्त केला नाही. बरा वाटायचा तो. निवृत्त माणसाला कोणी काही विचारत नाही, मला विचारत होते. आज वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो समज दुरुस्त करायला बसलो आहे. उशीर झाला आहे, हे कोणी सांगायला नको.

ज्यांनी कापूस फक्त गादीतच पाहिला त्यांच्यासाठी आधी धंद्याचं थोडं सांगतो. त्या काळी आमच्याकडचा कापूस सरकारच विकत घ्यायचं. हंगामात खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागायची. बंडी म्हणजे बैलगाडी. माणसं बैलांसह दोन-दोन दिवस रांगेत काढायची. मग नंबर लागला की ग्रेडर बंडीत हात घालून दर्जा ठरवायचा, आणि त्याच्या तोंडून निघालेल्या एका शब्दावर वर्षाची मेहनत बसायची किंवा उठायची.

पाहायच्या गोष्टी चार. रंग, धाग्याची लांबी, कचरा आणि ओलावा. रंग डोळ्याला दिसतो. धागा दोन अंगठ्यांत धरून ओढला की कळतो. कचरा म्हणजे वाळलेली पत्ती आणि कवडी, म्हणजे किडीनं खाल्लेलं पिवळट बोंड. अवघड काम ओलाव्याचं. वजन वाढावं म्हणून काही लोक कापसावर पाणी मारायचे, आणि वरचा थर कोरडा ठेवून ओला माल पोटात दडवायचे. म्हणून हात कोपरापर्यंत आत घालायचा, मधला कापूस काढायचा, त्यातली सरकी, म्हणजे कापसाचं बी, वेगळी करायची आणि दाताखाली धरायची. कोरडी सरकी कट् वाजते. ओली वाजत नाही, चेपते. ओलावा मोजायचं यंत्र केंद्रावर होतं, पण ते कपाटात असे आणि कपाटाची किल्ली रजेवर असे. आमचं यंत्र म्हणजे आमचे दात.

लोकही नमुनेदार भेटले. एकाच्या बंडीत माझा हात कोपरापर्यंत गेला आणि दगडाला लागला. ओढून काढला तर मसाला वाटायचा पाटा. तो माणूस क्षणभरही गडबडला नाही. म्हणाला, "सापडला का बाप्पा. बायको तीन दिवसांपासून शोधून राह्यली." दुसरा एक जण दरवर्षी पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस वर पसरायचा आणि खाली फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरचा शेवटचा माल भरायचा. मी हात घालायला लागलो की म्हणायचा, "साहेब, वरून पाहा ना. देवाचंही आपुन वरूनच दर्शन घेतो."

या धंद्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. बिनकचऱ्याचा कापूस नसतो, सव्वीस वर्षांत मी पाहिला नाही. आणि वरचा थर कोणाचाही चांगलाच असतो. ओट्यावर येणाऱ्यांना मी हेच सांगायचो. उमेदवार स्वच्छ शोधू नका, मिळणार नाही. कचरा किती आणि कुठल्या प्रकारचा, ते पाहा. पत्ती झटकून निघते, कवडी निघत नाही. लोक माना डोलवायचे. बोलायला मी चांगला होतो.

आता देवरावची गोष्ट.

देवराव आमच्याच गावचा. सहा एकर कोरडवाहू, तोंड फटकळ. पौषातली सकाळ होती, थंडी मरणाची. त्याची बंडी दुसऱ्या दिवशी रांगेत पुढे आली. त्याच्या आधी गावातल्या मोठ्या घरचा ट्रॅक्टर येऊन गेला होता. रांगेत नव्हता तो, थेट आत आला होता. मी त्याच्यावर वरून नजर टाकली आणि चांगला दर्जा लिहून दिला. त्या घरी माझं येणं-जाणं होतं, दुसरं कारण नाही.

मी देवरावच्या बंडीत हात घालू लागलो तसा तो मोठ्यानं म्हणाला, "साहेब, तुमचा हात गरिबाच्या बंडीत कोपरापर्यंत जाते. मोठ्याच्या ट्रॅक्टरले वरूनच रामराम करते. हातालेही माणूस ओळखू येते का बाप्पा?"

सगळी रांग हसली. माझा हमालसुद्धा हसला.

मी हात आत घातला, मूठभर कापूस काढला. हाताला गार लागला. त्या थंडीत सगळंच गार लागत होतं. बंडीचं लाकूड, बैलाचं शिंग, माझा स्वतःचा कान. गार आणि ओलं यांतला फरक दातच सांगतात, हे मी नव्या ग्रेडरांना शिकवत असे. सरकी बोटांत होती. ती मी तोंडात घातली नाही. खाली टाकली आणि म्हणालो, "ओला आहे. परत."

देवरावनं बंडीतून स्वतः एक सरकी काढली आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून चावली. कट् आवाज मी ऐकला. मागच्या दोन बंड्यांवरच्या माणसांनीही ऐकला असेल, पण त्यांचा नंबर यायचा होता; ते बैलांकडे बघू लागले. हमालानं रीतीप्रमाणे बंडीच्या फळीवर खडूनं फुली मारली, आणि मी पुढच्या बंडीकडे वळलो.

फुली मारलेली बंडी दिवसाउजेडी गावातून घरी गेली. माल त्यानं खाजगी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात दिला, तो विषय तिथं संपला. नाव मात्र राहिलं. पाणीवाला देवराव. गावात देवराव तिघं आहेत. त्यामुळे नाव सोयीचंही पडलं. पुढं पुढं पोरंटोरंही रागलोभाशिवाय ते नाव घेऊ लागली. त्याची बायको कमलाबाई चक्कीवर गेली की, "पाणीवाल्याचं पीठ झालं का?" असं कोणीतरी विचारायचं. मी स्वतः ते ऐकलं आहे. माझा डबा घेऊन मीही चक्कीवर उभा होतो.

वर्षं गेली. मी निवृत्त झालो. केंद्र बंद पडलं, तिथं आता मंगल कार्यालय आहे. मग सरपंच थेट गावानं निवडायची पद्धत आली, आणि त्या पद्धतीच्या पहिल्याच निवडणुकीला दोनच उमेदवार उरले. एक देवराव. दुसरे अरविंदभाऊ, त्या ट्रॅक्टरवाल्या घरचे, गावात कृषी केंद्र चालवणारे.

दोघांबद्दल खरं तेच लिहितो. अरविंदभाऊ शिकलेले, कपडे इस्त्रीचे, कोणाशी आवाज चढवून बोलणार नाहीत. पण मागणीचं बियाणं हवं असेल तर त्यांच्याकडचं न खपणारं खतही घ्यावं लागायचं, आणि पक्की पावती मागितली की त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून माल संपायचा. देवराव आठवडी बाजाराच्या दिवशी पिऊन यायचा. एकदा त्यानं ग्रामसेवकाची कॉलर धरली होती, प्रकरण ठाण्यापर्यंत गेलं. पण गावाची बंद झालेली एसटी तीन महिने पांढरकवड्याच्या एसटी डेपोत चकरा मारून त्यानंच परत आणली होती, आणि ग्रामसभेत हिशेब मागायला उभा राहणारा तोच एक होता. म्हणजे निवड सोपी नव्हती. विचारी माणसानं दोन्हीकडे मत द्यावं अशी कारणं होती, हे मी आजही म्हणतो.

मी विचारी माणूस. कॅलेंडरचं जुनं पान घेतलं, पाठीमागे दोन रकाने आखले आणि दोघांची प्रतवारी करायला बसलो. रंग, लांबी, कचरा, ओलावा. रंग म्हणजे बोलणं-वागणं, अरविंदभाऊ वर. लांबी म्हणजे कुठवर टिकेल, देवराव वर. कचरा दोघांत जवळपास सारखा, एकाचा पत्तीचा, एकाचा कवडीचा. मग ओलावा. ओलावा म्हणजे फसवणूक. अरविंदभाऊंच्या रकान्यात मी लिहिलं, "थोडा." देवरावच्या रकान्याशी पेन थांबलं. आणि मी लिहिलं, "आहे."

घरात कोणी नव्हतं. बायको लेकीकडे उमरखेडला गेली होती. ते पान कोणाला दाखवायचं नव्हतं. तरी मी खोटं लिहिलं. माणूस एकटा असतानाही स्वतःच्या बाजूनं पंचनामा करतो, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. मी पानाची घडी केली आणि निर्णय विचारपूर्वक झाला असं समजून चहा ठेवला.

मतदानाच्या चार दिवस आधी अरविंदभाऊंच्या माणसांनी गावात एक वाक्य सोडलं. ज्यानं कापसात पाणी मारलं तो गावाच्या कारभारात काय नाही मारणार? त्या संध्याकाळी ओट्यावर दहा-बारा जण होते. त्यांत शांताबाई होती. माझ्या शेजारची, विधवा, बचतगटाची अध्यक्ष, मताला फार जपणारी बाई. ती म्हणाली, "एकच मत आहे माह्यापाशी, साहेब. दोन असते तं दोघायलेही एक-एक देऊन मोकळी झाली असती. त्या देवरावचं एसटीचं काम मले पटते. पण हे पाण्याचं खरं आहे का? तुमीच तं पकडलं होतं ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एवढंच म्हणायचं होतं की, नाही, तो माल कोरडा होता, चूक माझी. एका श्वासाचं वाक्य. मी चष्मा पुसला.

"बंडी परत गेली होती, हे खरं आहे," मी म्हणालो.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. बंडी परत गेलीच होती. खोटं बोलायलासुद्धा मी खरं वाक्य निवडलं. शांताबाईनं मान हलवली. "बस बाप्पा. मंग इच्यार करायचं कामच नाही," असं म्हणून ती उठली. बाकीचेही उठले.

का केलं? त्या वेळी मला वाटलं, गावाच्या भल्याचं केलं. कॉलर धरणारा सरपंच नको. हे कारण खोटं नव्हतं, पण ते वरचा थर होतं. आत वेगळं होतं. देवराव सरपंच झाला असता तर पंधरा ऑगस्टला त्याच्या हातून झेंडा चढला असता, आणि मला समोर उभं राहून त्याला नमस्कार करावा लागला असता. आणि माझा हात चुकत नाही, या एका गोष्टीवर गावातली माझी सगळी इभ्रत उभी होती. ती मला त्याच्या नावापेक्षा मोठी वाटली.

देवराव नऊ मतांनी पडला. मी चष्मा पुसला त्या संध्याकाळी ओट्यावर नऊपेक्षा जास्त माणसं होती.

अरविंदभाऊंनी गाव लुटलं असं मी म्हणणार नाही. टाकी बांधली, तिला निळा रंग दिला. नळ मात्र त्यांच्या गल्लीपर्यंत आले आणि थांबले. कोणी विचारलं तर नम्रपणे म्हणतात, "पाहू ना काका, पुढच्या आराखड्यात घेऊ." ग्रामसभा आता भरत नाही. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी फिरतो, लोक उंबऱ्यात उभे राहून सह्या करतात आणि कागदावर सभा होते. माझीही सही आहे त्यात, प्रत्येक वेळी. शांताबाई अजून हापशावरून पाणी आणते. घागर घेऊन माझ्या ओट्यासमोरून जाताना एकदा थांबली. "साहेब, पाणी मारणारा नको म्हणून याले देल्लं. यानं तं पाणीच देल्लं नाही," म्हणाली आणि हसली. मी हसू शकलो नाही.

देवराव आला असता तर गावाचं सोनं झालं असतं, असंही नाही. कदाचित त्यानं आणखी दोघांच्या कॉलरी धरल्या असत्या, नळ तेव्हाही अडले असते. मत चुकू शकतं. चुकलेल्या मताचं मला ओझं नाही, ते सगळ्यांचंच कधी ना कधी चुकतं. पण लोकांनी मत माझ्या नमुन्यावर दिलं, आणि नमुना मी खोटा दाखवला होता. त्यांनी विचार केला होता. विचाराला माल मी पुरवला होता.

मधल्या काळात कमलाबाई वारली. तिच्या मातीला मी गेलो होतो. मागे उभं राहून दोघं बोलत होते, "कोण गेलं?" "पाणीवाल्याची बायको." त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही.

तरी पाय उचलायला दोन वर्षं लागली. गेल्या हिवाळ्यात पुन्हा निवडणूक आली. सरपंचपद महिलेसाठी राखीव होतं. अरविंदभाऊंची पत्नी उभी राहिली, आणि दुसरीकडून देवरावची सून. तिच्यातही कचरा होता, खोटं कशाला लिहू. पोरगी गुणी, पण सासऱ्याला विचारल्याशिवाय बोलत नसे. पाच-सहा जण ओट्यावर आले. शांताबाईही. मी म्हणालो, "या वेळी मला विचारू नका."

"मंग इतले दिवस काहून सांगत होते?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवरावच्या घरी गेलो. भाव वाढेल म्हणून कापूस पुढच्याच खोलीत भरून ठेवला होता, छतापर्यंत. दाराशी थोडी जागा मोकळी होती, तिथं बसून तो कवडी निवडत होता. भिंतीवर कमलाबाईचा फोटो, अर्धा कापसात बुडालेला. त्यानं मला बसायला पोतं सरकवलं. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

"त्या दिवशीचा तुझा कापूस कोरडा होता, देवराव," मी म्हणालो.

त्याचे हात चालूच राहिले. "हे मले सांगून राह्यले तुमी? मले?"

"चूक झाली माझी."

"चूक नाही साहेब. मालूम नसते थे चूक. तुमाले आवाज आलता."

"आला होता."

"मंग?"

मी म्हणालो, माफ कर. त्यानं अंगठ्यानं भिंतीकडे खूण केली. "तिले म्हणा. थो माल तिनं वेचलता. तीन दिवस आंगणात चादरीवर वाळवला, कोंबड्या हाकलत बसली होती. तुमी ओला म्हटलं तं घरी येऊन मलेच विचारे, 'खरंच, रस्त्यात तुमी पाणी तं नाही ना मारलं?' घरातच इश्वास गेला माहा. वर्षभर विचारे. मंग विचारणं सोडलं तिनं."

मी म्हणालो, आज संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांसमोर सांगतो. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"निवडणूक आहे म्हणून आले का? आता तुमी खरं बोलले तरी थो प्रचारच होते. लोक म्हणतीन, बुढ्यानं साहेबाले पटवलं. माही सून तुमच्या कबुलीवर निवडून नाही आली पायजे. निकाल लागू द्या, मंग सांगा. आन् तोंडी नको. तुमची तोंडी गोष्ट बंडीसारखी परत फिरते. लिहून द्या. छापून द्या."

मी कबूल झालो. आणि कबूल होताना मला हायसं वाटलं, तेही इथं लिहितो. अजून दोन आठवडे गप्प राहायची मुभा मिळाली होती, तीही त्याच्याच तोंडून. मत मी त्याच्या सुनेला दिलं. ती पडली. या वेळी फरक मोठा होता. प्रचारात पुन्हा तेच वाक्य होतं, पाणीवाल्याची सून. मी ओट्यावर बसून ऐकलं आणि दिलेला शब्द पाळला. आयुष्यभर न पाळलेल्या गोष्टींत हा एक शब्द मी नेमका पाळला.

म्हणून हे छापून देतो आहे. बोरडोहचे देवराव यांनी कापसात पाणी मारलं नव्हतं. मी केंद्राचा ग्रेडर होतो आणि मी सरकी चावली नव्हती. आमच्या वाचनालयात हा अंक येतो. शांताबाईला मी वाचून दाखवीन. यापुढं कोणी माझ्या ओट्यावर मत विचारायला येणार नाही, तेच बरं.

त्या सकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. मी निघायला उठलो तेव्हा देवरावनं मांडीवरच्या ढिगातून एक बोंड घेतलं, सरकी वेगळी केली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"चावा," म्हणाला.

माझी कवळी घरी वाटीत होती.

"माझ्या तोंडात दात नाहीत आता, देवराव."

तो पुन्हा कवडी निवडू लागला होता.

"तवा तं होते ना, साहेब," तो म्हणाला.